सेल्फ बदलू की बॅटरी? पहाटे ट्रॅक्टर रडतोय

शिवार_निफाड
मंडळी, नमस्कार. द्राक्षबाग आहे, पहाटे ब्लोअर मारायला लागतो आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर दगा देतोय. किल्ली फिरवली की सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) घर्रर्र... घर्रर्र... असा जीव गेल्यासारखा फिरतो. परवा तर फिरलाच नाही, नुसतं टक-टक-टक-टक. दहा वाजता ऊन पडलं की हाच ट्रॅक्टर दोनतीन प्रयत्नांत चालू होतो. बॅटरी तीन वर्षांची, १२ व्होल्टची. मेकॅनिक म्हणतो बॅटरी बसली, नवी टाका. बॅटरीच्या दुकानात गेलो तर तो म्हणतो बॅटरी बरी आहे, सेल्फ गेलाय, फार तर ॲसिड बदलून देतो. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि खिसा माझा. निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे, पारा चार-पाचवर आला की पेपरात आमचंच नाव. नेमकं काय बदलू?

खोडकर_खंडू
मेकॅनिक बदला.

वाइंडिंगवाला
दादा, आत्ता काहीही बदलू नका. सांगलीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. 'सेल्फ गेला' म्हणून येणाऱ्या सेल्फपैकी बरेच टेबलावर जोडले की झकास फिरतात. दोष वायरीत असतो आणि बिचारा सेल्फ फुकट खोलला जातो.

साधा डिजिटल मीटर आणा. डीसी व्होल्टवर २० च्या रेंजला ठेवा. गिअर न्यूट्रल, स्टॉपची दोरी ओढून धरायची म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि घरातल्या कुणाला तरी किल्ली मारायला बसवा. किल्ली एका वेळी पाच-सात सेकंदांवर धरू नका, मध्ये मिनिटभर सेल्फला थंड होऊ द्या. चार आकडे हवेत:

सेल्फ न मारता बॅटरीच्या दोन खांबांवर किती. सेल्फ मारताना त्याच खांबांवर किती. (काटे खांबाच्या शिशावर टेकवा, क्लॅम्पवर नाही.) सेल्फ मारताना सेल्फच्या जाड बोल्टपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत किती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून सेल्फच्या बॉडीपर्यंत किती. हा शेवटचा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. कुणी मोजत नाही तो हाच.

शिवार_निफाड
उद्या पहाटे मोजतो. तोवर ॲसिडचं काय? दुकानदार म्हणाला जुनं ओतून नवं भरतो, बॅटरी नवीसारखी होईल.

बॅटरीभाऊ
अजिबात करू नका. वीस वर्षं याच धंद्यात हात भाजून घेतलेत म्हणून सांगतो.

बॅटरी उतरते तेव्हा आत काय होतं ते बघा. एक प्लेट मऊ शिशाची, दुसरी तपकिरी, शिशाच्या डायऑक्साइडची. मध्ये पाण्यात सल्फ्युरिक आम्ल. तुम्ही करंट काढता तसं आम्लातलं सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतं आणि मागे पाणी उरतं. चार्ज केलं की तेच सल्फेट प्लेट सोडून परत पाण्यात येतं. म्हणजे उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल कुठे पळालेलं नसतं, प्लेटांवरच असतं. वरून नवं आम्ल भरलं की हायड्रोमीटर (आम्लाचा दाटपणा मोजायची नळी) लगेच छान आकडा दाखवतो, गिऱ्हाईक खूश. प्लेटा मात्र तशाच पांढऱ्या. पुढे चार्जिंगला लावली की प्लेटांवरचंही आम्ल खाली उतरतं, दुप्पट जहाल होतं आणि प्लेटा खातं. चारसहा महिने चालते आणि मग कायमची झोपते.

कमी होतं ते फक्त पाणी. चार्जिंगच्या शेवटी शेवटी बुडबुडे येतात ना, ते पाणी फुटून झालेले हायड्रोजन आणि ऑक्सिजन. आम्ल उडत नाही. म्हणून भरायचं ते डिस्टिल्ड वॉटर, आणि तेही प्लेटा बुडून थोडं वर येईल एवढंच. बोअरचं पाणी नको, आरओचंही नको.

हायड्रोमीटर मिळाला तर बॅटरीच्या सहाही घरांची (सेलची) ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्लाचा दाटपणा, घ्या. पूर्ण चार्ज असेल तर आपल्याकडे बाराशे चाळीस ते बाराशे ऐंशीच्या दरम्यान, म्हणजे १.२४० ते १.२८०. अकराशे ऐंशीच्या खाली आली तर बरीच उतरलेली. पाच घरं बाराशे पन्नास आणि एकच अकराशे वीस असं दिसलं तर ते घर गेलं, मग नवी बॅटरी घ्याच. पाणी टाकल्या टाकल्या मोजू नका, खोटा आकडा येतो.

खोडकर_खंडू
भाऊ, 'एकच घर गेलं' यावरून आमच्या भाऊबंदकीची आठवण आली.

शिवार_निफाड
हे घ्या आकडे. पहाटे साडेपाच, हात बधिर झाले होते, चूकभूल द्यावी घ्यावी.

सेल्फ न मारता बॅटरी १२.६
सेल्फ मारताना बॅटरी ११.४
सेल्फ मारताना सेल्फवर ८.२
निगेटिव्ह खांब ते सेल्फची बॉडी २.९

आज टक-टक झालं नाही, पण रडतरडतच फिरला.

वाइंडिंगवाला
सापडलं! अर्थिंग, म्हणजे सेल्फच्या बॉडीकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत येण्याची वाट. २.९ व्होल्ट नुसत्या अर्थच्या वाटेत मरतायत. बॅटरी २०० अँपिअरच्या आसपास ओढ बसूनही ११.४ ला उभी आहे, तिला दोष देऊ नका. बॅटरी ते चॅसिस आणि चॅसिस ते इंजिन असा पूर्ण रस्ता खोलून घासा.

प्राजक्ता_पॉलिटेक्निक
मी डिप्लोमाला डीसी मशीन शिकवते. वर्गात 'बॅक ईएमएफ' म्हटलं की पोरं खिडकीबाहेर बघायला लागतात, आणि इथे तोच धडा निफाडच्या शेतात उभा आहे. राहवत नाही म्हणून थोडं लांबण लावते.

मोटर फिरायला लागली की ती त्याच वेळी जनित्रही असते. तारा चुंबकक्षेत्रात फिरतायत म्हटल्यावर त्यांच्यात दाब (व्होल्टेज) तयार होणारच, आणि तो बॅटरीच्या दाबाच्या विरुद्ध असतो. हाच बॅक ईएमएफ, आपण उलटा दाब म्हणू. वेग जितका जास्त तितका उलटा दाब जास्त, आणि करंट ढकलायला उरतो तो फक्त मधला फरक. सेल्फ उभा असताना वेग शून्य, उलटा दाब शून्य. त्या क्षणी करंट अडवायला तारांचा चिमूटभर रोध सोडून काहीच नसतं. म्हणून किल्ली फिरवताच शेकडो अँपिअरचा दणका बसतो आणि हेडलाइट मिणमिणतात. कारखान्यातल्या मोठ्या डीसी मोटरला स्टार्टर म्हणून आधी रोध जोडतात आणि वेग येईल तसा काढत नेतात, तो याचसाठी.

आता दादांचे आकडे. करंट मोजलेला नाही, म्हणून वाइंडिंगवाल्यांचे २०० अँपिअर धरते. सेल्फच्या आतला रोध समजा ०.०१२ ओहम, म्हणजे आतच २.४ व्होल्ट खर्च. सेल्फवर ८.२ येतायत, त्यातून हे वजा केले की उलटा दाब ५.८. अर्थ ठीक असता तर सेल्फवर साधारण ११ आले असते आणि उलटा दाब ८.६ झाला असता. करंट तोच असेल तर उलटा दाब वेगाच्या प्रमाणात. म्हणजे तुमचा सेल्फ त्याच्या हक्काच्या वेगाच्या दोन तृतीयांशानेच फिरतोय.

गंमत इथेच आहे. मोटरची पिळण्याची ताकद करंटवर ठरते. गारठलेलं, घट्ट ऑइल भरलेलं इंजिन फिरवायला जेवढी ताकद लागते तेवढा करंट सेल्फ ओढतोच. खराब अर्थमुळे ताकद फारशी घटत नाही, वेग घटतो. पेट्रोलच्या गाडीला ते कदाचित चाललं असतं, तिथे ठिणगी बाहेरून मिळते. डिझेलला हवा दाबून तापवावी लागते. सावकाश दाबली तर उष्णता सिलिंडरच्या गार भिंतींत निघून जाते आणि डिझेल पेटत नाही. दहा वाजता भिंती जरा कोमट झालेल्या असतात म्हणून चालू होतो.

शिवार_निफाड
ताई, पहिल्यांदा कळलं की रडतो म्हणजे काय करतो. पण ते टक-टक?

वाइंडिंगवाला
ते मी सांगतो. सेल्फच्या डोक्यावर जो सोलेनॉइड असतो त्यात दोन गुंडाळ्या असतात. एक ओढणारी, दणकट. दुसरी धरून ठेवणारी, अशक्त. किल्ली मारली की दोन्ही मिळून प्लंजर ओढतात, पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे सरकतं आणि जाड संपर्क जुळतो. संपर्क जुळताच ओढणारी बाद होते, धरणारी एकटी उरते. आणि त्याच क्षणी सेल्फ करंट ओढतो, व्होल्ट कोसळतात, धरणारीच्या हातून सुटतं. टक. सुटलं की करंट थांबला, व्होल्ट परत वर, पुन्हा ओढलं. टक. असा खेळ सेकंदाला कितीतरी वेळा चालतो. टक-टक म्हणजे सोलेनॉइड खराब असं समजून तो बदलणारे महाभाग रोज भेटतात.

अनामिक_०७
एक बाळबोध शंका. बॅटरी चुकून उलटी जोडली तर सेल्फ उलटा फिरेल का?

वाइंडिंगवाला
गुंडाळीचं फील्ड (बाहेरचं स्थिर चुंबक) असलेला सेल्फ सुलटाच फिरेल! आर्मेचरमधला (आतल्या फिरत्या भागातला) करंट उलटला आणि फील्डमधलाही उलटला, दोन उलट्यांचं एक सुलटं. एसीवर करंट सारखा उलटसुलट होत असूनही मिक्सर एकाच दिशेला फिरतो तो याच कारणाने, तीही सीरिज मोटरच. छोट्या सेल्फमध्ये हल्ली कायमचे चुंबक असतात, तो मात्र उलटा फिरेल. पण प्रयोग करू नका, अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातील.

कारशेडकर
धागा वाचून राहवेना. मी मुंबईत लोकलच्या कारशेडमध्ये ट्रॅक्शन मोटरवर काम करून निवृत्त झालो. तुमचा सेल्फ आणि आमची जुनी लोकल, एकाच आईची लेकरं. दोन्हींत डीसी सीरिज मोटर.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. सीरिज मोटरच का, तर आर्मेचरचाच करंट फील्डमधून जातो. उभी भरलेली गाडी हलवताना करंट जास्त, म्हणजे फील्डही जास्त, दोन्हींचा गुणाकार होतो आणि ताकद दणदणीत मिळते. वेग आला की करंट आपोआप उतरतो. ताईंनी स्टार्टरचा रोध सांगितला, तो आमच्याकडेही होता. सुरुवातीला मोटरी एकापाठोपाठ जोडलेल्या आणि पुढे रोध. खटक-खटक करत रोध निघायचा, मग मोटरी समांतर. जुन्या लोकलमध्ये स्टेशन सोडताना बसणारे ते हलके हिसके आठवतात का? ते त्याचेच.

सीरिज मोटरचा एक दुर्गुण मात्र जबरी. बिनलोड चालवायची नाही. करंट कमी, फील्ड कमी, म्हणून पुरेसा उलटा दाब तयार करायला ती आणखी जोरात पळते, त्याने करंट आणखी कमी, अशी पळतच सुटते. मोठी मोटर असली तर आर्मेचरच्या तारा खाचांतून बाहेर फेकल्या जातात. म्हणून ती पट्ट्यावर जोडायची नसते, पट्टा तुटला की संपलं.

प्राजक्ता_पॉलिटेक्निक
काका, कॉम्युटेटरबद्दल (आर्मेचरच्या टोकावरच्या तांब्याच्या कड्याबद्दल) लिहा ना. पुस्तकात ते दोन तुकड्यांचं दुभंगलेलं कडं असतं आणि प्रत्यक्षात शंभरावर पट्ट्या बघून मुलं चक्रावतात.

कारशेडकर
आमचा निम्मा जन्म कॉम्युटेटरपाशीच गेला, लिहितो.

दोन तुकड्यांचं कडं असेल तर मोटर झटके देत फिरेल, मधल्या स्थितीत ताकद शून्य. म्हणून तांब्याच्या पुष्कळ पट्ट्या आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाची चकती. काम एकच, गुंडाळी उत्तर ध्रुवाखालून दक्षिण ध्रुवाखाली गेली की तिच्यातला करंट उलटवायचा. कार्बनखालून (पट्ट्यांवर घासत करंट देणाऱ्या ठोकळ्याखालून) पट्टी सरकते तेवढ्या वेळात हे व्हायला हवं. पण गुंडाळीला करंट उलटणं आवडत नाही, ती अडते, आणि ठिणगी पडते. शिवाय आर्मेचरचं स्वतःचं चुंबकत्व मूळ क्षेत्राला तिरकं ढकलतं. यावर उपाय म्हणून मुख्य ध्रुवांच्या मध्ये बारीक ध्रुव बसवतात, इंटरपोल. त्यांची गुंडाळी आर्मेचरशी सीरिजमध्ये, म्हणजे जेवढा करंट तेवढं औषध.

चांगल्या कॉम्युटेटरचा रंग चॉकलेटी. नवीन पोरगा आला की तो रंग घाण समजून घासून लखलखीत करायचा आणि शिव्या खायचा. तो थर कार्बनला सांभाळतो. तांबं झिजून अभ्रक वर आलं तर कार्बन त्यावर उड्या मारतो, ठिणग्या वाढतात. मग अभ्रक तांब्याच्या खाली खरवडून घ्यायचं. कार्बन बसवताना काचपेपर, एमरी पेपर नाही, त्याचे कण तांब्यात रुततात.

खंडाळ्याच्या घाटातली जुनी 'खेकडा' इंजिनं कुणाला आठवतात का? ३७ ला १ असा चढ. उतरताना मोटरीच जनित्र व्हायच्या आणि वीज तारेत परत जायची. अर्थात सीरिज मोटरचं फील्ड त्यासाठी वेगळ्या यंत्राने पुरवावं लागतं, नाहीतर ती बेभरवशाची. एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरून डीसी गेली आणि मुंबईतला तो खटक-खटक आवाजही गेला. नव्या गाड्या चांगल्या आहेत, त्यांत कॉम्युटेटरच नाही. माझ्यासारख्याला तेवढंच चुकल्यासारखं वाटतं.

मुग्धा_डोंबिवली
काकांचा प्रतिसाद अप्रतिम. माझा प्रश्न अवांतर आहे. इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी आहे. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास. माझा लोड ५०० वॉट, म्हणजे साडेतीन तास चालायला हवी. दोन तासांत मान टाकते. फसवलं का मला?

बॅटरीभाऊ
नाही ताई. लेबलावर बारीक अक्षरात सी-२० लिहिलंय का बघा. याचा अर्थ ७.५ अँपिअरने २० तास. तुम्ही इन्व्हर्टरची गळती धरून पन्नासच्या आसपास अँपिअर ओढताय. इतक्या घाईने ओढलं की आम्ल प्लेटांच्या आतल्या छिद्रांत पोचायच्या आत बाहेरचा दाब पडतो आणि इन्व्हर्टर बंद करतो. सावकाश ओढली तर तीच बॅटरी जास्त देते. दोन तास मिळतायत म्हणजे तब्येत उत्तम आहे.

आणि कुणी ट्रॅक्टरची बॅटरी इन्व्हर्टरला लावू नका. सेल्फसाठीच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात, क्षणभर मोठा करंट देण्यासाठी. रोज तळापर्यंत उतरवली तर वर्षही काढणार नाहीत. ट्युब्युलर बॅटरीत तपकिरी पावडर नळ्यांमध्ये ठासलेली असते, ती गळत नाही. तिला धीम्या, लांब कामाची सवय.

विनिपेगकर
निफाडच्या चार अंशांचं कौतुक चाललंय म्हणून आमचं गाऱ्हाणं. इथे उणे तीस नेहमीचं. बॅटरीवर एएचपेक्षा थंडीतले अँपिअर मोठ्या अक्षरात छापतात. उणे १८ ला ३० सेकंद तेवढा करंट देऊन ७.२ व्होल्टच्या वर राहिली पाहिजे, अशी ती परीक्षा. भाऊंनी लिहिलं की उतरलेल्या बॅटरीत पाणीच उरतं, ते इथे डोळ्यांनी दिसतं. भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेली उणे दहाच्या आसपास गोठते आणि पेटी फुटते. माझी एक फुटली आहे.

शिवार_निफाड
विनिपेगकर, तुम्ही जिंकलात. आमच्याकडे मणी तडकतात, बॅटरी नाही.

तर मंडळी, निकाल. अर्थची पट्टी गिअरबॉक्सजवळ बोल्टने बसवलेली. दसऱ्याला ट्रॅक्टरला रंग मारून घेतला होता, तेव्हा रंगवाल्याने पट्टी काढली, खाली मस्त लाल रंग मारला आणि पट्टी त्यावरच आवळली. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा जाईल तेवढा करंट जात होता. त्यात खताचं पाणी लागून पट्टीला हिरवं चढलेलं. रंग खरवडला, पट्टी नवीन घातली, टर्मिनल गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुऊन व्हॅसलीन लावलं. तोच आकडा आता २.९ वरून ०.२ वर. सेल्फवर १०.९. आज पहाटे पहिल्या किल्लीला चालू!

खोडकर_खंडू
म्हणजे दोष दसऱ्याचा.

वाइंडिंगवाला
झकास! एक काम राहिलं. इतके महिने सेल्फ सावकाश फिरून जास्त वेळ तापलाय. सीझन संपला की उघडून कार्बन बघा. निम्मे झिजले असतील तर बदला, स्प्रिंगही. बाकी काही करू देऊ नका.

अनामिक_०७
माझ्या आजोबांच्या जुन्या ट्रॅक्टरला अल्टरनेटर नाही, डायनमो आहे. दोन वर्षं उभा होता, आता चार्जिंगच करत नाही. हे पण वायरिंग का?

वाइंडिंगवाला
असू शकेल, पण आधी हे करा. डायनमो स्वतःच्या फील्डला स्वतःच करंट देतो. सुरुवात होते लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वाने. बरेच दिवस उभा राहिला की तेही जातं. फील्डची वायर कटआउटपासून (डायनमो आणि बॅटरीमधल्या आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचपासून) सोडवून बॅटरीवरून क्षणभर टेकवा, ठिणगी पडेल, तेवढ्याने चुंबकत्व जागं होतं. मात्र बॅटरीच्या ज्या टोकाचा अर्थ आहे ते बघून, नाहीतर डायनमो उलट्या बाजूने चार्ज करेल. जुन्या काही गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असायचा.

तरीही नाही झालं तर पट्टा काढून डायनमोला थेट बॅटरी जोडा. मोटरसारखा शांतपणे फिरला तर डायनमो ठणठणीत, दोष पुढे.

प्राजक्ता_पॉलिटेक्निक
या युक्तीला मोठा इतिहास आहे. १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात ग्राम नावाच्या संशोधकाचं एक जनित्र दुसऱ्या चालू जनित्राला जोडलं गेलं आणि ते मोटर होऊन फिरायला लागलं. तेच यंत्र दोन्ही कामं व्यवहारात करू शकतं हे तिथे सगळ्यांनी बघितलं. बॅटरी त्याआधीची, प्लाँतेने १८५९ मध्ये शिशाच्या प्लेटा आम्लात बुडवल्या. दादांच्या ट्रॅक्टरमधली दोन्ही यंत्रं दीडशे वर्षांच्या आसपासची आहेत.

शिवार_निफाड
@बॅटरीभाऊ, हायड्रोमीटर मिळाला शेवटी. पाच घरं बाराशे चाळीस, शेवटचं एक बाराशे दहा. पाणी महिन्यापूर्वी टाकलेलं. घर गेलं का?

बॅटरीभाऊ
गेलेलं नाही, मागे पडलंय. बॅटरी खाली काढून चार-पाच अँपिअरने सावकाश चार्जिंगला लावा. सगळ्या घरांत बुडबुडे येऊ लागल्यावर आणखी दोनतीन तास चालू द्या. दर तासाला ग्रॅव्हिटी बघा, तीनदा लागोपाठ आकडा तोच आला की बस. पेटी हाताला चटका देईल इतकी तापली तर मध्ये बंद करा. मागे पडलेलं घर बाराशे तीसच्या वर आलं तर पुढचा हंगाम काढेल.

शिवार_निफाड
शनिवारी लावतो. झाकणं काढून ठेवायची का?

बॅटरीभाऊ
सैल करून वर नुसती ठेवा. ओसरीवर लावा, बंद खोलीत नको. आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढायचे नाहीत. बिडीवाला कुणी असेल तर त्याला शेताकडे पाठवा.

शिवार_निफाड
वडील आहेत. पाठवतो.